नत्थुजीच्या हातचं भरीत

महादेवराव : ...आणि म्हणून सांगतो बंडू, माणूस नश्वर आहे, शब्द मात्र अमर आहेत. काळसुद्धा त्यांच्या केसाला धक्का लावू शकत नाही!

बंडू : नसन लावत. पण साहेब, लॅपटॉपवर पाहा बरं. तुमच्या एकेका अमर शब्दाखाली लाल अळी चालून राह्यली. बोंडअळी पडल्यावानी.

महादेवराव : ती नेहमीचीच आहे. तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

बंडू : म्हंजे सारंच चुकलं म्हन्ते का ते?

महादेवराव : यंत्र आहे, त्याला काय कळतं? भातकुलीला नायब तहसीलदार होतो तेव्हा माझ्या मसुद्याखाली कलेक्टरांनीसुद्धा लाल रेघ ओढली नाही.

बंडू : बरं, वाचा मंग. पाच वाजता शोकसभा हाय. गोदाबाई समोरच बसन. नवऱ्याबद्दल काय आयकनार हाय ती, ते मले आधी आयकू द्या.

महादेवराव : ऐक. "आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे आधारस्तंभ नत्थुजी यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. मनमिळाऊ, सदा हसतमुख..."

बंडू : थांबा. कोन हसतमुख?

महादेवराव : नत्थुजी.

बंडू : आपला? वांग्याच्या वाडीवाला? साहेब, तो सोताच्या लग्नाच्या फोटोत असा उभा हाय, जसा पंचनाम्याले धरून आनला.

महादेवराव : गेल्यावर माणूस हसतमुखच असतो. पद्धत आहे. पुढे ऐक. "मृदुभाषी, निर्व्यसनी..."

बंडू : आन् तंबाखूचा खर्रा?

महादेवराव : आपल्याकडे खर्रा व्यसनात धरत नाहीत. "...आणि त्यांच्या हातच्या भरताची चव ज्याने एकदा चाखली, तो ती जन्मात विसरणार नाही."

बंडू : नत्थुजीच्या हातचं भरीत?

महादेवराव : हो.

बंडू : त्याले चहा करता येत नोता हो! गोदाबाई माहेरी गेली का तो आमच्या घरी जेवे. आन् जेवून वरून म्हने, मीठ कमी हाय.

महादेवराव : वांगी तर त्याच्याच वाडीतली असत ना?

बंडू : मी जन्मभर कापूस पिकवला. मी काय शिंपी झालो?

महादेवराव : बंडू, मसुदा एकदा मंजूर झाला की त्यात बदल करायचा नसतो.

बंडू : तेच म्हन्तो. श्यामराव गेला, तवा बी भरीत होतं. देवीदास गेला, तवा बी भरीत. मी काई बोललो नाही. मले वाटलं, करत असन बुवा लपूनछपून. पण आपल्या मंडळातला जो मेला तो भरीतच चांगलं करे, असं कसं हो?

महादेवराव : योगायोग.

बंडू : देवीदासच्या सभेतून त्याची वच्छला उठून गेली. ध्यानात हाय?

महादेवराव : उकाडा होता त्या दिवशी.

बंडू : उकाडा नोता. दारात मले म्हने, भाऊजी, हे कोनाचं वाचून राह्यले? ते गोदाबाईच्या कानावर गेलं. काल तिनं मले घरी बलावलं. म्हने, भाऊ, माह्या मानसाचं वाचसान तर मी येतो. दुसऱ्याच कोनाचं वाचसान तर मी घरीच बरी. आन् मी तिले जबान देऊन आलो, साहेब.

महादेवराव : मला न विचारता?

बंडू : नत्थुजी असता तर त्याले इचारलं असतं. ती बाई आली नाही ना, तर मी बी येत नाही. मंग वाचा तुमी खुर्च्याईले.

महादेवराव : चिडू नको. त्या लाल रेघांमुळे तुला सगळंच चूक वाटतं आहे. भावना! भावना, जरा इकडे ये बरं बेटा.

भावना : आले बाबा. काय झालं? बंडूकाका, पाणी आणू?

बंडू : पानी नको सूनबाई. तुह्या सासऱ्याले इलाज आन.

महादेवराव : या रेघा तेवढ्या काढ. बाकी कशाला हात लावू नको.

भावना : किती दिवसांपासून म्हणते, त्या फाइलची भाषा नीट करून देते. दर वेळी तुमचं एकच, हात लावू नको. सरका थोडे. हे बघा, खाली काय लिहिलंय?

महादेवराव : हिंदी.

भावना : तेच. तुमचं मराठी तो हिंदी समजून तपासतोय. मग सगळं लाल दिसेल नाही तर काय?

महादेवराव : म्हणजे आजवर आपण सगळ्यांना हिंदीत श्रद्धांजली वाहिली?

बंडू : बरं झालं. टीव्हीवर यमराज हिंदीच बोलते. ज्याची त्याले पोचली असन.

भावना : सगळं सिलेक्ट केलं... रिव्ह्यू... लँग्वेज... मराठी. अय्यो, मराठी तपासायचं पॅकच नाही यात. डाउनलोड करावं लागेल. बसा जरा, नेट हळू आहे आज.

बंडू : सूनबाई, मले एक सांग. रेघा राह्यल्या काय न् गेल्या काय, वाचनारे तर हेच. यानं होईन काय?

भावना : काका, आत्ता सगळंच लाल आहे म्हणून खरी चूक कुठली ते दिसतच नाही. भाषा बरोबर लागली की जे खरंच चुकलंय तेवढंच लाल राहील.

बंडू : मंग तर हसतमुख लालच राह्यते, पाह्यजो.

भावना : कसे होते हो नत्थुकाका? मी आपलं त्यांना दारातून वांगी देतानाच पाहिलं.

बंडू : कसा होता? वाईट तोंडाचा होता. कॅरममध्ये हारला का बोर्ड वाकडा हाय म्हने. माह्या डोयाचं आपरेशन झालं, तवा पट्टी होती तोवर रोज दुपारी उन्हातानात येऊन मले पेपर वाचून दाखवे. काय वाचे? बाजारभाव आन् निधनवार्ता. बाकी पेपर घडी करून ठेवून दे. मी म्हनलं, लेका, काई चांगलं वाच ना. तर म्हने, हे चांगलंच हाय, आपल्यातलं कोनी नाही यात.

भावना : मग हे का नाही लिहीत?

महादेवराव : शोकसभेत बाजारभाव?

बंडू : परवा त्याचं आलं पेपरात. मी एकटाच वाचून राह्यलो होतो. मोठ्यानं वाचलं, सवयीनं. मंग पेपर घडी करून ठेवून देला.

भावना : ...झालं बघा. मराठी लागली. गेल्या रेघा.

बंडू : गेल्या? हसतमुखाची बी गेली?

भावना : हो. बरोबर आहे म्हणतोय.

बंडू : मृदुभाषी?

भावना : बरोबर.

बंडू : निर्व्यसनी?

भावना : तेही बरोबर.

बंडू : आन् भरीत?

भावना : भरतालाही काही हरकत नाही त्याची.

महादेवराव : बघ! यंत्रालासुद्धा पटलं.

बंडू : मंग चुकलं काय म्हन्ते ते?

भावना : फक्त 'नत्थुजी'.

बंडू : घ्या. कागद सारा खरा, मानूसच तेवढा चुकीचा.

भावना : तसं नाही काका, नावं त्याच्या ओळखीची नसतात. जिथे जिथे नाव आहे तिथे लाल. वर एक, मध्ये एक... आणि इथे एकदम खाली. हे काय आहे? बाबा, इतकी जागा सोडून हे खाली काय लिहिलंय?

महादेवराव : ते राहू दे. म्हटलं होतं ना, हात लावू नको.

भावना : 'जयवंता'. बाबा, आईंचं नाव आहे हे.



बंडू : जयवंतावयनी नत्थुजीच्या कागदात काहून?

भावना : "जयवंता, दुपारचा चहा अजून दोघांचाच टाकला जातो." ...बाबा?

महादेवराव : ते मी सभेत वाचत नाही. त्याच्या आधीच थांबतो. दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या, म्हणतो.

बंडू : म्हंजे भरीत वयनीचं.

महादेवराव : सगळंच तिचं. मनमिळाऊ तिचं, हसतमुख तिचं. तिच्या तेरवीच्या आदल्या दिवशी बसलो आणि एका बैठकीत लिहून काढलं. एक शब्द अडला नाही. वाचलं मात्र कोणापुढेच नाही. पुढे श्यामराव गेला. सगळे म्हणाले, साहेब, तुम्हीच लिहा. कोरं पान उघडून बसलो. सकाळपासून बसलो. काही येईना. मग ही फाइल उघडली, तिचं नाव काढून श्यामरावाचं टाकलं. तेवढं जमलं.

बंडू : आन् खालची ओळ तशीच ठेवली.

महादेवराव : ती खोडायला बोट जात नाही रे.

भावना : म्हणून हात लावू देत नव्हता.

महादेवराव : सगळं लाल असलं की त्यात ती दिसत नव्हती. बरं होतं.

बंडू : साहेब, मी तुमाले घालूनपाडून बोललो...

महादेवराव : बोललास ते ठीक बोललास. नत्थुजी हसतमुख नव्हता. तुझ्याइतकाच मी त्याला ओळखतो.

भावना : बाबा, मी एक करू? या फाइलीत जिथे जिथे नत्थुजी आहे तिथे परत जयवंता टाकते. एका झटक्यात होतं ते. ही आईंची फाइल. यापुढे ही कोणाच्याच कामाला काढायची नाही.

महादेवराव : ...टाक.

भावना : झालं. सगळीकडे झालं. वाचून बघता?

महादेवराव : नको. मला पाठ आहे.

बंडू : आता त्याच्यात काईच चुकीचं नाही, साहेब. मी वयनीच्या हातचं खाल्लं नाही, पण आयकून हावो.

महादेवराव : आणि पाच वाजता काय वाचू? कोरं पान?

भावना : हे घ्या कोरं पान. भाषा मराठीच लावली आहे. तुम्ही बोला, मी टाइप करते.

महादेवराव : "आपल्या मंडळाचे आधारस्तंभ..."

बंडू : झालं सुरू. अहो, कॅरमचा स्टँड बी नोता तो कोनाचा. लिही सूनबाई : नत्थुजी हसत नसे.

महादेवराव : "नत्थुजी स्वभावाने गंभीर होते."

बंडू : गंभीर नोता, कुरकुऱ्या होता. गोदाबाईले ओळखू आला पाह्यजे.

भावना : 'नत्थुजी फारसे हसत नसत.' चालेल दोघांना?

बंडू : चालते. पुढं लिही, ते मित्राला रोज पेपर वाचून दाखवत.

महादेवराव : "उन्हातून चालत येऊन" घाल. आणि तो काय वाचत असे तेही घाल. बाजारभाव आणि निधनवार्ता.

बंडू : शोकसभेत?

महादेवराव : घाल म्हणतो ना.

भावना : घातलं. पुढे?

महादेवराव : पुढे... तो वाडीतून यायचा, पिशवीत हात घालायचा. दहा वांगी हातात घेऊन एकच बाजूला काढायचा. मोठं, हलकं. म्हणायचा, हे भरताचं हाय, हे जयवंताबाईले. मी दारात असलो तर माझ्या हाती देत नसे. म्हणे, तुमी दाबून पाह्यता, तुमाले काई समजत नाही. तिच्याच हातात द्यायचा. ती गेल्यावरही... ती गेल्यावर बी आनत राह्यला. एकच. दाराच्या कडीले पिशवी अडकवून जाये. मले काय भरीत करता येते? दोन दोन दिवस तसंच राहे. पण त्यानं आननं सोडलं नाही.

बंडू : हे तुमी मले कधी सांगतलं नाही.

महादेवराव : सांगण्यासारखं काय त्यात? वांगं होतं.

भावना : बाबा, मी असं लिहिलंय. "महादेवरावांच्या घरच्या भरताची चव ज्याने चाखली तो ती विसरणार नाही. ते भरीत जयवंताबाई करत. वांगं नत्थुजी निवडून देत."

महादेवराव : वाच बरं पुन्हा.

भावना : "...वांगं नत्थुजी निवडून देत."

महादेवराव : हां. हे मला वाचता येईल.

बंडू : भरीत शेवटी आलंच. पण आता येऊ द्या. मी गोदाबाईले घ्यायले जातो, साडेचार वाजून राह्यले. तिले म्हन्तो, चाल, तुह्याच मानसाचं हाय.

भावना : थांबा काका, प्रिंट काढते. नावांखाली अजून लाल दिसतंय. 'नत्थुजी' आणि 'जयवंताबाई'. त्याच्या शब्दकोशात टाकून देऊ? मग तो त्यांना कधी चूक म्हणणार नाही.

महादेवराव : टाक. दोन्ही टाक.

भावना : टाकली. 'महादेवराव' पण टाकते, तेही लालच आहे. काका, तुमचं?

बंडू : टाकून ठेव. मंग वक्तावर घाई होते.

भावना : असं काय बोलता काका!

बंडू : मी खरंच बोलून राह्यलो. लिहिनारी तूच राह्यशीन. फक्त एक करजो सूनबाई, माह्यावाल्यात भरीत नको टाकू. मले वांग्यानं खाज सुटते.