नऊ मैलांच्या आत

— नाही रे, घाई नको करूस, डेरेल. घाईत काप नीट निघत नाहीत, काट्याला मांस राहतं आणि मग तुझी ती ह्यूस्टनची गिऱ्हाईकं म्हणतात म्हातारीनं आमचा मासा ढापला. बस त्या बादलीवर. आधी पालथी घाल. सुरीला धार लावते आणि करते सुरू. वेंडल होता तेव्हा सुऱ्यांना धार तो लावायचा, माझ्या हातची धार त्याला कधी पटली नाही — सगळ्या संसारात मासे मी कापले आणि धार त्याची. असो. उघड पेटी. अरे वा, तांबोशी. सगळी तांबोशीच की, आणि काय अंगानं भरलीत. फेब्रुवारीत असली तांबोशी — नशीब काढलंस हो. माझी होडी माशांना ओळखते असं वेंडल म्हणायचा. आता तुझी होडी म्हणायला हवं. जिभेला सवय नाही अजून.

कुठं मिळाली? हो, हो, नऊ मैलांच्या आत, शपथा कशाला घेतोस, मी काय कोर्ट आहे? नऊ मैलांपर्यंत पाणी टेक्सासचं, त्याच्यापुढं वॉशिंग्टनचं, हे इथल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. टेक्सासच्या पाण्यात तांबोशी बारा महिने चालू, माणशी चार. पुढं गेलं की केंद्राचा कायदा, तिथं उन्हाळ्यात काय ते थोडे दिवस आणि माणशी दोन. परवा तूच आला होतास ना विचारायला — इथंच उभा होतास, हातात माझीच कॉफी — मिस ओलेटा, राज्याच्या पाण्यात आत्ता तांबोशी चालू आहे ना? आणि मी म्हटलं, चालू आहे. खोटं सांगितलं का? तो दंतवैद्य दर शनिवारी आणतो, शाळेतले मास्तर आणतात, सगळा धक्का लाल झालाय महिनाभर. आणि तू भाड्यानं होडी चालवणारा माणूस, पोटासाठी धंदा करणारा, तू नुसतं बघत राहायचं? नाही बघवणार कुणालाही. तुझं काही चुकलं नाही तसं.

कापते रे, कापते. धार बघ, अजून केस तुटत नाही.

तुझ्या केबिनच्या काचेमागं तो कागद आहे ना, केंद्राचा परवाना — तो वेंडलनं जिवापाड जपला होता. नवीन मिळत नाही तो, केव्हाच बंद केले त्यांनी. ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडूनच घ्यायचा. होडी काय, लाकूड आणि इंजिन. खरी होडी तो कागद. तो आहे म्हणून तू गिऱ्हाईकं घेऊन नऊ मैलांच्या पुढं जातोस, वाटेल तितकं. दंतवैद्याकडं तो नाही. म्हणून दंतवैद्याला टेक्सासच्या पाण्यात टेक्सासचा कायदा. आणि तुला — कधी वाचलास का रे तो कागद? नुसता फ्रेम करून लावलास, छान दिसतो. ज्या होडीवर तो कागद, तिला केंद्राचा कायदा. कुठल्याही पाण्यात. नऊ मैलांच्या आत, मैलभरावर, या धक्क्याला बांधलेली असली तरी. दोघांत जो कडक तो तुझा. आणि केंद्राची तांबोशी उन्हाळ्यापर्यंत बंद, म्हणजे तुला बंद. चार नाही, दोन नाही, एकसुद्धा नाही.

बस खाली. पेटी घेऊन कुठं जाणार, गिऱ्हाईकं तिथं मोटारीत बसलीत जिभा चाटत. आणि तो बघ, पलीकडच्या धक्क्यावर, हिरवी टोपी — प्रुएट वॉर्डन. पगार टेक्सासचा खातो पण केंद्राची कामंही तोच करतो. एकेक पेटी उघडून बघतोय. तिथलं झालं की इथं येतो, त्याची कॉफी असते माझ्याकडं. आता चालत गेलास पेटी घेऊन तर त्याच्या नाकासमोरूनच जाशील.

सांगितलं का नाही? अरे, तू पाण्याबद्दल विचारलंस. मी पाण्याबद्दल सांगितलं. होडीबद्दल तू विचारलंच नाहीस. वेंडलचा एक अख्खा उन्हाळा असाच गेला होता, कागद काढून घेतला होता त्यांनी, तेव्हा तो इथं या बादलीवर बसून नुसते दोर विणायचा आणि माझ्यावर खेकसायचा. म्हणून मला तोंडपाठ आहे. आणि तेव्हा ते पहिल्या चुकीला नरम होते. आता नाहीत. हो, तुझी बायको पोटुशी आहे, ठाऊक आहे मला. धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

रडवेला होऊ नकोस, शोभत नाही. मी मनात आणलं ना, तर प्रुएट इथं पोचेपर्यंत एक मासा अख्खा राहणार नाही. माझा हात बघितलायस तू. काप पिशव्यांत, पिशव्या मोटारीत, मोटार रस्त्याला. डोकी आणि काटे त्या पिंपात, बाकीच्यांच्या डोक्यांत मिसळले की कुणाचे कुणाला कळतात. संध्याकाळी पिंप जातं जेट्टीच्या तोंडाशी, त्या दगडी बांधाच्या टोकाला, तिथं ओततात. ओहोटीबरोबर जातं म्हणतात. जात नाही. भरतीला सगळं परत येतं, दगडांत अडकतं, पेलिकन टोचत बसतात. तुला माहीत आहे ती जागा.

एक विचारू? सुरी हातात आहे, धार लागली आहे. एकच विचारते आणि मग कापते. वेंडलला कुठं सोडलंस?

हं. कोळंबीच्या त्या बुडालेल्या गलबतापाशी. तीस मैलांवर. त्याच्या मासे धरायच्या जागेवर.

आणि डॉल्फिन आले होते. हो, सांगितलं होतंस तू. होडीच्या दोन्ही बाजूंनी डॉल्फिन आले आणि तू टोपी काढलीस आणि प्रार्थना म्हटलीस. मी त्या डॉल्फिनांवर वर्ष काढलं, डेरेल. रात्री झोप आली नाही की तेच डोळ्यांसमोर आणायचे, दोन्ही बाजूंनी डॉल्फिन आणि मधोमध वेंडल. मग रोसाल्बा बोलली. रोसाल्बा माहीत आहे ना, जेट्टीवर पहाटे जाळं टाकते ती, तुला ती दिसत नाही कारण तू तिच्याकडं कधी बघत नाहीस. तिनं बघितलं. जेट्टीच्या तोंडाशी इंजिन हळू केलंस, बंदसुद्धा नाही, त्याच्या राखेची पिशवी झटकलीस, हात पँटला पुसलेस आणि माघारी वळून धक्क्यावर गिऱ्हाईकं घ्यायला आलास. सातची गिऱ्हाईकं होती तुझी. तीस मैलांचं डिझेल नको झालं तुला. ज्यानं तुला गळ बांधायला शिकवलं, ज्यानं ती जागा मला कधी दाखवली नाही आणि तुला दाखवली — पोटच्या पोराला दाखवावी तशी तुला दाखवली — तो डोक्या-काट्यांच्या कचऱ्यात. भरतीला परत येतोय. मी रोज इथं उभी राहून पाणी बघते.

मी का नाही गेले बरोबर? विचार, विचार, तोंडावर आलंय तुझ्या. नाही गेले. त्या पिशवीत तो एवढासा मावला हे माझ्यानं बघवेना. दारात उभं राहून तुझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. माझं मीच न्यायला हवं होतं त्याला. मला होडी लागते, उलट्या होतात, तरी न्यायला हवं होतं. म्हणून तर तुला सांगितलं ना. तुला.

हां, आता खरं बोलतोयस. आता जेट्टी म्हणतोयस. आता पाया पडतोयस. मघाशी म्हटलं असतंस तर कापले असते रे, देवाशपथ, एका दमात कापले असते. डॉल्फिन नसते आणलेस परत तर.

सोड माझा हात. सुरी ठेवली मी.

ये, प्रुएट, ये. आज उशीर केलास, पण कॉफी गरम आहे. ही पेटी? ही डेरेलची. बघ निवांत. अजून एकाही माशाला हात लावलेला नाही मी. — डेरेल, ऊठ त्या बादलीवरून. वॉर्डनसाहेबांना बसू दे.