हाब्बोच्या गाडीची शिट्टी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचे प्रमुख माननीय टामे हिन्रिक्स, व्यासपीठावर विराजमान पास्टर हाइल्केबाई, सत्कारमूर्ती आणि गावाचे मेकॅनिक श्री. वुब्बो ओल्टमान्स, आणि सूप निवायच्या आत भाषण संपेल अशी आशा धरून बसलेल्या बंधुभगिनींनो,

वुब्बोभावजी गॅरेज बंद करून लेकीकडे, डोंगराच्या मुलखात निघाले आहेत. त्यांच्या कारागिरीबद्दल अध्यक्ष बोललेच. मी बोलणार आहे एका सायलेन्सरबद्दल. हसा, हसा. हाब्बोसुद्धा हसला असता.

माझा नवरा हाब्बो, त्याची बीटल तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. ऐकलेली म्हणते, कारण आपल्या या सपाट मुलखात गाडी दिसते मागाहून. पाण्याऐवजी वाऱ्यावर थंड होणारं ते इंजिन, त्याची फटफट, आणि तिच्यावर सायलेन्सरच्या दोन नळ्यांची बारीक शिट्टी. त्यातली एक नळी हाब्बोनं कालव्याच्या दरवाजावर ठेचली होती. त्यामुळे त्याची शिट्टी एकाच बाजूनं वाजायची आणि मध्येच ठसकायची. ती कालव्यापाशी ऐकू आली की मी किटलीत पत्ती टाकायची. तो घरात येईपर्यंत चहा मुरलेला असायचा. कपात खडीसाखर, वर चहा, वर साय. आणि तीन कप झाल्याशिवाय कपात चमचा ठेवायचा नाही, कारण चमचा ठेवला म्हणजे पुरे. हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागतं का?

हाब्बो गेला. मुलानं गाडी विकली. गिऱ्हाइकाला नवा सायलेन्सर हवा होता, भावजींनी बसवून दिला. मग जुन्याचं काय केलं असेल? आपला स्वभाव तुम्ही जाणताच. चांगला पत्रा टाकून देववेना, म्हणून स्वतःच्या बीटलला लावला. त्यात काही वावगं आहे हे या भल्या माणसाच्या ध्यानातही आलं नाही.

मी स्वयंपाकघरात होते. कालव्यापाशी शिट्टी वाजली, ठसकली. माझ्या हातांनी मला विचारलं सुद्धा नाही. पत्ती टाकली, दोन कप मांडले, दोन्ही भरले. आणि गाडी घरावरून पुढे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भावजी काही निमित्तानं आले. टेबलावर हाब्बोच्या जागेपुढचा तो भरलेला कप त्यांनी पाहिला आणि टोपी काढून उभे राहिले.

"वहिनी, अहो, काल तो मी होतो. आत्ता जाऊन काढतो तो सायलेन्सर."

"हात तर लावून बघा."

"मग रोज इथनंच जाऊ म्हणता?"

"चहाच्या वेळेला जा. पण थांबू नका. थांबलात तर तुम्ही दिसाल."

ते कधीही थांबले नाहीत. माझ्या दारावरून वाट वाकडी करून घरी जायचे, पावसात, धुक्यात. त्यांची बायको म्हणायची, "दुसरीच्या नवऱ्याचा आवाज काढत फिरतोय मेला." पण तिनंही कधी अडवलं नाही. या दोघांचे उपकार मी कोणत्या शब्दांत फेडू?

गेल्या रविवारी भावजींची गाडी ट्रकवर चढली आणि सायलेन्सरसकट लेकीच्या गावी गेली. मंडळींनो, दोर तुम्हीच आवळलेत. मी मनाशी ठरवलं, आता एकच कप मांडायचा.

काल चहाच्या वेळेला कालव्यापाशी शिट्टी वाजली. एकाच बाजूनं. ठसकली. भावजी, तुम्ही तेव्हा अध्यक्षांबरोबर इथे खुर्च्या मांडत होतात. पास्टरबाई, भुवया उंचावू नका, मलाही भीती वाटली. तरी मी पत्ती टाकली. या वेळी गाडी पुढे गेली नाही. फाटकापाशी थांबली आणि इंजिन बंद झालं. मी खिडकीकडे पाहिलं नाही.

तेव्हा भावजी, माझी काळजी न करता निर्धास्त जा. मंडळानं मला बोलू दिलं याबद्दल सर्वांची आभारी आहे. म्हातारीच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, आणि मला जेवणाला थांबवू नका. घरी जाऊन पाणी ठेवायचं आहे. काल समोरच्या कपात मी दोनदा चहा ओतला, दोन्ही वेळा तो संपला, आणि चमचा अजून बशीतच आहे.