अंगावरचं पीठ

लेक तपासणीसाठी रक्त द्यायला आत गेली आणि बाप बाकावर टेकला. शेजारच्या आजींनी लगेच चौकशी आरंभली. खिडकीतल्या कारकूनबाईंचं लिहिणं आपसूक मंदावलं.

“काय होतंय पोरीला?”

“गहू सोसत नाही, आजी. शिवाय थायरॉइड, साखर. सोळावं लागलंय नुकतं.”

“मग घरात गहू बंद?”

“दोन वर्षं कणभर नाही. तरी पोटदुखी हटेना. चोरून खातेस म्हणून तिच्यावरच डाफरायचो.”

“खात होती?”

“नाही हो. मी बेकरीत कामाला. घरी यायचो तो पिठाने माखलेला, तसाच तिला जवळ घ्यायचो. तेच पीठ पोटात जात होतं. काल डॉक्टरांनी सांगितलं.”

“तिला तरी बिचारीला काय ठाऊक!”

“तिला कधीचंच ठाऊक होतं, आजी. म्हणाली, ‘सांगितलं असतं तर तू जवळ घेणं सोडलं असतंस, बाबा.’”