मावशीची लवंग

एक्स-रे पाहणाऱ्या त्या एआयले कोणी नावं ठेवली का मले आमची देऊळघाटची मावशी आठवते, गड्या. मोताळ्याच्या बाजारात भाजी विकते. खोकला सुटत नव्हता, पण टीबीचं नाव निघालं तं आपली भाजी कोण घेईन, याचंच तिले भेव. गावात तपासणीचं शिबिर लागलं, तसं म्या तिले ओढतच नेलं. खोकला येऊ नये म्हणून बाई तोंडात लवंग धरून मशीनपुढे उभी राह्यली. फोटो काढणारी ताई म्हणे, "श्वास रोखून धरा." मावशी खूश! एकदाही खोकलली नाही.

तेवढ्यात लॅपटॉपवर एआयनं तिच्या छातीच्या फोटोत डाव्या बाजूले लाल खूण केली. मावशी माह्यावरच उखडली, "मी तं खोकललीच नाही! याले तुनंच सांगतलं ना रे?"

थुंकी तपासली, तं खरंच टीबी निघाला. गोळ्यांचा कोर्स पुरा केला, आता मावशी ठणठणीत हाय.

परवा पुन्हा शिबिर लागलं. रांगेतली एक बाई गुपचूप लवंग चघळत होती. मावशी तिच्यावर खेकसली, "थुक ते आधी! त्याले कान नाहीत बाई, नुसते डोये हायेत!"