डबी, वायर आणि ढिम्म संगणक

तुम्हाला सांगतो, माझ्या हाताखालून गेलेलं यंत्र आजवर दुसऱ्या मेकॅनिककडे गेलेलं नाही! कधीच नाही! …सरळ भंगारात गेलं, ती गोष्ट वेगळी. मिक्सर गेला, इस्त्री गेली, भिंतीवरचं घड्याळ गेलं, आणि घड्याळ तर चालू होतं हो, मी नुसतं मागून उघडून बघितलं! पण म्हणून काडेपेटीएवढी एक गाण्याची डबी मला दिवसभर नाचवेल? मला? हसता काय?

बरं, काम तरी काय होतं? आमच्या हिच्या डोळ्याचा आतला पडदा सुटलाय. खिडकीचा सुटतो ना, तसा. उद्या ऑपरेशन. आणि डॉक्टर नाकातल्या नाकात म्हणतो, "आजी, नंतर आठवडाभर पालथं झोपायचं हं. मान वर नाही, टीव्ही नाही, वाचन नाही." आठवडाभर फरशीकडे तोंड करून! आणि ही बाई कशी? जरा वेळ गप्प बसली तर मी नाडी बघतो! मला म्हणाली, "अहो, माझ्या डबीत नवी गाणी तेवढी भरून द्या. कानाला तरी सोबत होईल." आवाज बारीक झाला होता हो तिचा. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहिलेली बाई, ती आणखी कशाला घाबरणार? पण काल घाबरली होती.

म्हटलं, "हात्तिच्या! चहा होईपर्यंत देतो." कुठला चहा ते सांगितलं नव्हतं, नशीब!

आज सकाळी बसलो. वायरीचं एक टोक डबीत, एक टोक संगणकात. डबीच्या कपाळावर दोन ओळी उमटल्या, मी मधलं बटण दाबलं, ओळी गेल्या. कामाच्या वेळी असल्या फालतू गोष्टींकडे बघायचं नसतं. मग हात चोळत पडद्याकडे बघतो तर काय… डबी इथं, वायर इथं, आणि संगणक ढिम्म!

काढली, घातली. पुन्हा दोन ओळी, पुन्हा बटण. ढिम्म! वायर पुसली, फुंकर मारली, धोतराला… म्हणजे लेंग्याला घासली. दोन ओळी, बटण, ढिम्म! आणि गंमत बघा, डबीवरचं बॅटरीचं चित्र आपलं भरतंय, भरतंय! म्हणजे आमच्या संगणकाची वीज पिऊन ही बया टुम्म, आणि ज्याची वीज प्याली त्याला पत्ता नाही की पाहुणी आलीय!

आता हा संगणक साधा नाही हं. यात जावयानं विंडोज काढून लिनक्स घातलंय. का? तर पूर्वी पडद्यावर 'तुम्ही बक्षीस जिंकलात' असं आलं की मी दाबायचो. माणूस एवढ्या प्रेमानं बक्षीस देतोय, नाही कसं म्हणायचं? चार वेळा संगणक आजारी पडला. तेव्हा जावई म्हणाला, "बाबा, आता हे लिनक्स. याला तुम्ही काहीही करा, काही होत नाही." आणि खरंच हो, मी सकाळपासून काहीही करत होतो आणि काहीही होत नव्हतं!

शेवटी त्याला फोन लावला. जावई फार सज्जन. राग आला की आणखी हळू बोलतो. "बाबा… काळी खिडकी उघडा… लिहा… एल, एस, यू, एस, बी." मी लिहिलं, मधल्या स्वल्पविरामांसकट. संगणक म्हणाला, असली काही आज्ञा नाही. "बाबा… स्वल्पविराम… नको." मग जोडलेल्या यंत्रांची यादी आली. कीबोर्ड आहे, माउस आहे, डबी नाही! म्हटलं, "बघ, टेबलावर सगळे हजर, हिचीच गैरहजेरी!" तो म्हणाला, "बरं… आता पासवर्ड टाका." टाकतो तर अक्षर उमटेना! "बाबा, उमटत नाही, पण लागतं." अरे, उमटत नाही पण लागतं? हे यंत्र आहे की माझ्या सासूबाईंचा टोमणा? त्यानं फोन जरा लांब धरला असावा, कारण लांबून एक उसासा तेवढा ऐकू आला. सगळं करून झालं, आणि डबी इथं, वायर इथं, संगणक ढिम्म!

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे मास्तर आले. ते का आले, ते सांगायला हवं. गाण्यांच्या यादीत तिसऱ्या गाण्यानंतर मी हळूच एक कोंबडा घातला होता. खरा नाही, मीच! सकाळी ही बाजारात गेली तेव्हा बाथरूममध्ये जाऊन आरवलो, तिथं आवाज छान घुमतो. तर मास्तर घामाघूम, "काय हो, पडलात बिडलात का?" म्हटलं, "नाही, रेकॉर्डिंग होतं." तेव्हापासून मास्तर माझ्याकडे जरा जपूनच बघतात, आणि आता मी ठीक आहे ना ते बघायला पुन्हा आले होते. त्यांनी वायर उलटी घालून बघितली, जाईना. मान हलवून वर गेले. शिकलेला माणूस!

तुम्ही म्हणाल, डबीच्याच कपाळावर काय लिहिलंय ते वाचायचं की! वाचू कसं? गेल्या उन्हाळ्यात मीच तिची भाषा बदलून ठेवली होती. कुठल्या देशाची, देव जाणे, मुंग्यांची रांग वाटते. म्हटलं, ही येईल, "अहो, हे काय झालं हो," म्हणेल, मग मी भाव खाईन. आलीच नाही! मुंग्या तशाच, गाणी चालू, आणि मी आपला पेपराआडून वाट बघतोय. बरं, परत बदलायची तर मला तरी कुठं वाचता येतंय?

संध्याकाळ झाली. हिनं बॅग भरली, चेन ओढली, आणि येऊन माझ्या मागे उभी. मी पडद्याकडेच बघत म्हटलं, "जमेना गं." दिवसभरात पहिल्यांदा खरं बोललो.

तिनं हात पुढे केला. वायर काढली, परत घातली. दोन ओळी आल्या. माझं बोट सवयीनं निघालं, त्यावर फटकन चापट! मग तिनं बटणानं खाली सरकवून दुसरी ओळ दाबली… आणि टुंग! पडद्यावर डबीचं चित्र!

"अगं! ही भाषा येते तुला?"

"भाषा कसली यायची? वरची ओळ दाबली की नुसती चार्ज होते, खालची दाबली की जोडली जाते. लेक गाणी भरायला बसली होती तेव्हाच दाबून बघितलंय."

"मग सकाळपासून बोलली का नाहीस?"

"तुम्ही उन्हाळ्यापासून वाट बघताय ना, मी विचारायला येईन म्हणून? म्हटलं, आज मी बघते वाट. तेवढाच दिवस बरा गेला, उद्याचं डोक्यात आलं नाही."

मी मुकाट्यानं गाणी ओढायला लागलो. म्हटलं, हिचं लक्ष नाही तेवढ्यात तो कोंबडा तरी हळूच काढावा. आजारी बाई, पालथी पडलेली, दचकायची उगाच… बोट त्यावर नेलं मात्र, आणि मागून आवाज,

"राहू द्या तो. मास्तरांनी जिन्यात विचारलं मला, कोंबडा पाळलाय का म्हणून. आठवडाभर तिथं पालथं पडायचंय, मधूनमधून दचकवायला दुसरं कोण आहे मला?"