पॅडची पहिली खरेदी

माझी थोरली देऊळगाव राजाच्या दवाखान्यात झाली, तेव्हाची गंमत. नर्सबाईंनी आमच्या ह्यांना बजावलं, "जुन्या लुगड्याच्या घड्या नकोत. दुकानातून पॅड आणा."

औषधाच्या दुकानात पोचेपर्यंत हे तो शब्दच विसरले. त्यात दुकानात ही गर्दी! खालमानेनं म्हणाले, "बायकोले रक्त जाऊन राह्यलं. बांधायले काही मऊ द्या."

दुकानदार घाबरला. "अरे बापरे! जखम केवढी हाय?"

सगळे वळून पाहायला लागले. ह्यांना घाम फुटला आणि हे एकदम ओरडले, "सात पौंडाची पोरगी झाली, भाऊ!"

दुकानभर हशा पिकला, पण पॅड मिळाले. पुडा माझ्या खाटेवर ठेवून हे म्हणाले, "पुढच्या खेपेले दुकानात तू जाय. बाळंत मी होतो."