ठेवणीतले बूट

बुर्गी : आधी कडी काढ, विगिल. माझ्या डोंगरघरात बूटखोलीला आतून कडी लावायची पद्धत नाही.

विगिल : पायमोजे बदलतोय.

बुर्गी : तुझे पायमोजे बघून लाजायचं माझं वय गेलं. बाहेर सगळी यात्रा स्की लावून उभी आहे. पाद्रीबाबांचे कान लाल झालेत थंडीनं. जो तो विचारतोय, पुढे चालणारा कुठाय?

विगिल : आलोच म्हणून सांग.

बुर्गी : कडी.

विगिल : एकटीच आहेस ना?

बुर्गी : एकटीच.

विगिल : ये आत. आणि लाव परत.

बुर्गी : अगबाई! हा सोल तुझ्या हातात काय करतोय?

विगिल : मीही त्याला तेच विचारतोय.

बुर्गी : तरीच. पहाटे इथे काळा चुरा झाडला मी. म्हटलं, उंदरांनी कॉफीचा गाळ सांडला.

विगिल : ती डाव्याची टाच होती. उजव्याची ही माझ्या हातात. पुढचा भाग अजून चिकटलाय, पण जीभ बाहेर काढल्यासारखा लोंबतोय, बघ.

बुर्गी : वरून तर कोरे करकरीत दिसतायत.

विगिल : कोरेच आहेत.

बुर्गी : थांब. हे ते? तू बचाव पथकातून निवृत्त झालास तेव्हा पोरांनी दिलेले?

विगिल : तेच.

बुर्गी : आणि घातलेस कधी?

विगिल : काल. खालून इथवर चढून आलो तेवढेच. रात्री टाच जरा हलतेय असं वाटलं, सकाळी बघतो तर हातातच आली.

बुर्गी : अरे पण इतकी वर्षं काय करत होतास त्यांचं?

विगिल : ठेवले होते. म्हटलं, शिखरावरच्या क्रूसाच्या यात्रेत पुढे चालायची पाळी येईल त्या दिवशी घालीन. खोऱ्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या वाटाड्याचा मान तो. पण सेराफिन काही जागा सोडेना! नव्वदी गाठली, तरी दर वर्षी हा पुढे आणि मी मागे. गेल्या पानगळीत सुटला एकदाचा, देव त्याचं भलं करो.

बुर्गी : म्हणजे तू त्याच्या मरणाची वाट बघत होतास.

विगिल : वाट नाही बघितली. बूट पुसले. दर रविवारी पेटीतून काढायचे, चरबीचं वंगण चोळायचं, शेगडीमागे जरा उबेला ठेवायचे, परत पेटीत. आमच्या आईनं लग्नाचा झगा असाच जपला, शेवटी त्यातच पुरली तिला. आपल्याकडे चांगली वस्तू रोज वापरतं कोण?

बुर्गी : कोणी नाही. माझ्या लग्नातल्या चिनी मातीच्या कपांना अजून कुणाचे ओठ लागले नाहीत. नवरा बिचारा पत्र्याच्या मगातून कॉफी पीतच गेला.

विगिल : बरं, बडबड पुरे. तार दे थोडी. आणि पक्कड. ती करडी चिकटपट्टीही आण, पाण्याच्या नळाला लावतेस ती.

बुर्गी : कशाला?

विगिल : बांधून टाकतो. खिंडीपर्यंत स्कीवरच जायचंय, स्की बुटाच्या पुढच्या टोकाला अडकते, तिला सोलशी देणंघेणं नाही. मग शेवटचा कडा तेवढा बुटाखाली लोखंडी काटे बांधून चालायचा.

बुर्गी : काटे बांधशील कशाला? त्यांना धरायला बुटाला तळ नको?

विगिल : म्हणून तर तार मागतोय.

बुर्गी : पथकाचा कासियान उजाडताच कडा बघून आला. बर्फाची काच झालीय म्हणाला. आणि तू पुढे, तुझ्या दोराला मागे माणसं बांधलेली. काटा निसटला तर एकटा जाणार आहेस का तू?

विगिल : मी जन्मात कधी घसरलो नाही.

बुर्गी : जन्मात कधी बिनतळाचा चढलाही नाहीस.

विगिल : तार देतेस की नाही?

बुर्गी : नाही. मागच्या हिवाळ्यात तो दातांचा डॉक्टर आला होता, आठवतो? त्याचाही सोल असाच वाटेत सुटला होता.

विगिल : बुर्गी, नको.

बुर्गी : सगळे सुपात पावाचे गोळे बुडवून खात बसले होते, आणि तू भर जेवणघरात उभा राहून काय म्हणालास?

विगिल : नको म्हटलं ना.

बुर्गी : ‘ज्याला स्वतःच्या पायातलं कळत नाही त्यानं घरच्या गालिच्यावर चालावं.’ बिचारा सूप तसंच टाकून झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी तारेवरच्या सामानाच्या पाळण्यातून खाली सोडला त्याला, बिअरच्या रिकाम्या पिंपांबरोबर. बायको रडत होती त्याची.

विगिल : सगळं खोरं हसलं होतं. मी दोन दोनदा सांगितला तो किस्सा. मिशीला पीळ देऊन.

बुर्गी : मला माहीत आहे. मीही हसले होते.

विगिल : सकाळपासून त्याचं तोंड दिसतंय मला. लाज वाटते गं. बाहेर कसा जाऊ? ज्यांना मी चालायला शिकवलं ती पोरं उभी आहेत तिथे.

कासियान : विगिलकाका? आत आहात ना? दार का लावलंय?

विगिल : अवाक्षर काढू नकोस, बुर्गी. आलो रे! तुम्ही व्हा पुढे, मी गाठतो!

कासियान : पुढे कसे होणार काका? पुढे तुम्हीच व्हायचं आहे.

बुर्गी : मी कडी काढतेय. शिव्या मला नंतर दे.

(विगिल बूट पाठीमागे धरतो.)

कासियान : सुप्रभात. काय झालं? पाठीमागे काय आहे?

विगिल : काही नाही.

बुर्गी : दाखव त्याला. पथकाचा प्रमुख आहे तो.

विगिल : त्याला प्रमुख मी केला!

बुर्गी : मग दाखव.

कासियान : हे… हे आमचे बूट. आम्ही दिलेले.

विगिल : तुमचेच.

कासियान : म्हणजे फेकले नव्हते तुम्ही.

विगिल : फेकले? कोण गाढव म्हणालं फेकले?

कासियान : कोणी नाही. मीच. मला तसं… तुम्ही दर हिवाळ्यात ते जुनेच घालून यायचात ना. ठिगळं लावलेले. नेमके माझ्यासमोरून. मला वाटायचं, मला दाखवताय. कारण पथकाचं काम आता पुरे करा, असं सांगायला मीच आलो होतो तुमच्या दारात. बाकी कोणी तयार नव्हतं.

विगिल : टोपी हातात धरून उभा होतास.

कासियान : तुम्ही बसही म्हणाला नाहीत.

विगिल : नाही म्हणालो. बसायला सांगितलं असतं तर तुझ्यासमोर रडलो असतो.

बुर्गी : धन्य आहे तुम्हा पुरुषांची! एका बुटाच्या जोडीपायी इतकी वर्षं घुम्यासारखे वागलात?

विगिल : अरे, मी जपले ते. लहानपणापासून थोरल्या हार्टमनचे उतरलेले बूट घातले मी. भाऊ गेल्यावरही त्याचेच घातले. कोरे, माझ्या मापाचे, हे पहिलेच. ते काय बर्फात घासायला काढायचे?

कासियान : घासायलाच काढायचे होते काका. दुकानदारानं मला बजावलं होतं. कवच आणि सोल यांच्यामध्ये एक प्लॅस्टिकचा थर असतो. तो हवेतली ओल धरतो म्हणे. पायाखाली रोज दाबला जात असला तर बरीच वर्षं जातो. नुसता पेटीत पडला तर आतल्या आत त्याचा भुगा होतो, आणि वरून बूट नवाच दिसतो. ऊब लागली तर आणखीच लवकर.

विगिल : मी दर रविवारी उबेला ठेवले.

कासियान : हं.

विगिल : स्वतःच्या हातानं भाजले म्हण ना! पण दुकानदारानं बजावलं, आणि तू मला बोलला नाहीस?

कासियान : परत तुमच्या दारात यायचं धाडस झालं नाही. दोनदा फाटकापर्यंत आलो होतो. तुम्ही लाकडं फोडत होतात. तसाच मागे फिरलो. मलाही काही कमी लाज वाटत नाहीये आत्ता.

बुर्गी : लाज वाटून घ्यायला संध्याकाळ मोकळी आहे. पाद्रीबाबा गोठतील. आता काय करायचं ते बोला.

कासियान : माझे बूट घाला काका. मी थांबतो.

विगिल : तुझ्या बुटात माझी टाच जायची नाही. अन् बुर्गीच्या नवऱ्याचे पाय तर बाहुलीचे होते.

बुर्गी : मेलेल्याच्या पायांना नावं ठेवू नकोस.

कासियान : मग… एक सुचवू? रागावू नका. गुडघा दुखावला म्हणून सांगू. काल चढताना लचकला. या वयात गुडघ्याला कोणी हसत नाही. उलट बिचारे म्हणतील.

बुर्गी : खरंच, विगिल. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ते बूट चुलीत घालते, कुणाला कळणारही नाही.

विगिल : गुडघा.

कासियान : डावा म्हणू?

विगिल : उजवा म्हण. तो खरंच दुखतो अधूनमधून. म्हणजे अगदीच खोटं नाही.

कासियान : बरं.

विगिल : आणि वर क्रूसापाशी डोंगरात मेलेल्यांची नावं घेशील तेव्हा हार्टमनचं नाव नीट मोठ्यानं घे. सेराफिन ते तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. मला यंदा मोठ्यानं घ्यायचं होतं.

कासियान : घेतो, काका. जाऊ मग?

विगिल : जा. कासियान, थांब.

कासियान : काय?

विगिल : आज सगळे ठेवणीतलं घालून आलेत ना?

बुर्गी : यात्रेला चांगलं नाही घालणार तर कधी घालणार? रोझिना बघ ना, बर्फात नवरीसारखी सजून उभी आहे.

विगिल : तसं नाही विचारत. बूट. सकाळी बूट बघितलेस कुणाचे?

कासियान : हिमाखाली गाडलं गेलं तर शोधायची यंत्रं तपासली, प्रत्येकाची. फावडी बघितली. बूट उलटे करून… नाही. कोण बघतं काका?

विगिल : मीही नव्हते बघितले. पेटीतून काढले आणि घातले. बाहेर माझ्यासारखी अजून किती गाढवं असतील?

कासियान : मी सांगतो ना सगळ्यांना, सोल बघून घ्या म्हणून.

विगिल : ऐकतील? म्हणतील, आमचे नवे आहेत. मला काल कोणी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? हसलो असतो. पाहिल्याशिवाय पटायचं नाही हे. कुठाय ती टाच? दे इकडे. तो चुराही दे, बुर्गी.

बुर्गी : चुरा केराच्या डब्यात आहे.

विगिल : डबाच आण.

बुर्गी : विगिल, अरे गुडघ्याचं ठरलं होतं ना. जन्मभर चिडवतील तुला. बाजारात, चर्चमध्ये. तुझं ते गालिच्याचं वाक्य कोणी विसरलेलं नाही.

विगिल : मग काय करू? मी इथे गुडघ्याला फडकं बांधून बसू, आणि वर कड्यावर कुणाचा तरी काटा निसटताना बघू? सपाता कुठायत?

कासियान : काका, मी येतो बरोबर.

विगिल : ये. पण बोलणार मी. दार उघड.

बुर्गी : कोट तरी घाल!

विगिल : ऐका रे! जरा जवळ या. हो, सपातांत आहे मी. नीट बघून घ्या. हे माझे बूट, आणि ही टाच, हातात आलेली. डब्यात दुसरी आहे, भुगा झालेली. पेटीत ठेवून ठेवून सडवले मी. गेल्या वर्षी एका भल्या माणसाला गालिच्यावर चालायला सांगणारा तो मीच. हसा आता. हसा की, का हसत नाही?

कासियान : काका…

विगिल : बरं, नका हसू. बूट काढा. होय, आत्ता, बर्फात. स्कीवर बसा आणि बूट उलटा धरा. सोल आणि कवच यांच्या मधल्या थरात अंगठा रुतवून बघा, टाचेपाशी. दगडासारखा लागला तर निघा. मऊ लागला तर मला सांगा. जुने, झिजलेले असतील त्यांना घाबरायचं कारण नाही. नवे आहेत त्यांनी आधी बघा.

कासियान : रोझिनाबाई, तुमचे बघू?

रोझिना : माझे चांगले आहेत रे. नवऱ्यानं घेतलेले, ओस्वाल्डनं.

विगिल : कधी घेतले?

रोझिना : तो गेला त्याच्या चार-पाच वर्षं आधी.

विगिल : घातलेस किती वेळा?

रोझिना : आज.

विगिल : अंगठा लावून बघ, रोझिना.

रोझिना : नको. सगळे बघतायत.

विगिल : अगं, मी इथे सपाता घालून बर्फात उभा आहे. माझ्यापुढे कसली लाज? मी धरतो बूट, तू दाब.

रोझिना : …आत गेला रे अंगठा. लोण्यात गेल्यासारखा.

कासियान : बाई, असू दे. बरं झालं इथेच कळलं.

रोझिना : तो प्रत्येक हिवाळ्यात म्हणायचा, घाल गं, एकदा तरी घाल, मला बघू दे. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी.

विगिल : ये, रोझिना. इकडे भिंतीशी ऊन आहे, बस.